नायकाची आंघोळ

माझ्या देखत सहाशेच्या वर लग्नं ठरली आणि त्यातल्या एकाही लग्नात मी जेवलो नाही. मी प्रेमकथांचा मुद्रितशोधक होतो. कादंबरी छापायला जाण्याआधी तिची कच्ची पानं, म्हणजे प्रूफं, वाचायची आणि चुका लाल शाईनं दाखवायच्या, हे माझं काम. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका बोळात आमचा छापखाना होता. पुढच्या खोलीत मालक, मधल्या खोलीत शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे, मागं मशीन आणि त्याच्याही मागं बाइंडिंगच्या बायका. मी मधल्या आणि मागच्या खोलीच्या मध्ये उंबऱ्याला टेबल लावून बसायचो, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

मला लिहायला सांगताना या अंकाच्या संपादकांना वाटलं असणार, की हा गडी आता थोरामोठ्या लेखकांच्या आठवणी सांगेल. थोर लेखक आमच्या बोळात शिरला तो एकदाच, तोही पत्ता चुकून. आमच्याकडे यायचे ते निवृत्त मास्तर, पोस्टातले कारकून आणि एक दंतवैद्य. ही मंडळी महिन्याला चार प्रेमकथा पुरवायची आणि त्या कोल्हापूर, सांगली, बेळगावपर्यंतच्या फिरत्या वाचनालयांत जायच्या. दुपारची भांडी आवरली की बायका त्या वाचत. चार दिवसांत परत करत आणि दुसरी नेत.

आमचे खिळे रॉकेलनं धुतले जायचे. तो वास अंगात मुरलेला असायचा. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यातच आमच्या सुमननं नियम घातला: सदरा अंगणातल्या दोरीवर, मग घरात. तिनं आयुष्यात कादंबरी वाचली नाही. "दिसभर दुसऱ्याची पिरेमं वाचून येतासा, आन् घरात आल्यावर मीठ कमी पडलं म्हणून तोंड वाकडं करतासा," असं ती म्हणायची. मीठ मात्र खरोखरच कमी असायचं.

आता धंदा थोडा समजावून सांगतो. एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात आणि मग त्याची घडी घालतात. त्या सोळा पानांना फर्मा म्हणायचं. आमची प्रत्येक कादंबरी नऊ फर्म्यांची, ना कमी ना जास्त. पहिल्या फर्म्यात दोघं भेटणार, नवव्यात अक्षता पडणार. लेखकाचं नाव मात्र सगळ्या पुस्तकांवर एकच: हेमांगी. आडनाव नाही. ही हेमांगी मालकांनी निर्माण केलेली. चार-पाच जण आलटून पालटून हेमांगी व्हायचे. वाचनालयाला ओळखीचं नाव लागतं, असं मालकांचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. हेमांगीला दिवाळीची भेटकार्डं यायची. एकदा मिरजेकडच्या एका विधुर द्राक्षबागायतदारानं रीतसर मागणी घातली. त्या वर्षीची आमची मुख्य हेमांगी म्हणजे कदम गुरुजी, निवृत्त हेडमास्तर, मिशा कानापर्यंत. मी ते पत्र त्यांच्या हातात दिलं. गुरुजींनी दोनदा वाचलं, मिशीवरनं हात फिरवला आणि गंभीरपणे विचारलं, "बाग किती एकर हाय?"

याच गुरुजींमुळे मला प्रेमकथेचं गणित कळायला लागलं. अडचण पहिल्या आणि नवव्या फर्म्याची नसते. भेट कुणालाही लिहिता येते, लग्न तर आचारी आणि भटजीच लावतात. मधल्या सात फर्म्यांचं काय करायचं? दोघांना एकमेकांची ओढ लागत जाते, हे दाखवायचं कसं? आमच्या बहुतेक हेमांग्या डोळ्यांवर भागवायच्या. टपोरे डोळे, पाणीदार डोळे, झुकलेले डोळे. चौथ्या फर्म्यापर्यंत इतके डोळे व्हायचे की मला चष्म्याचं दुकान आठवायचं.

एकदा गुरुजींनी मोठी हिंमत करून गजरा आणला. नायिका एस.टी.त खिडकीशी बसली आहे, नायक फलाटावर आहे, गाडी सुटते आणि तिच्या गजऱ्याच्या सुगंधानं नायक धुंद होतो. मी हस्तलिखित घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"गुरुजी, गाडी स्टँडच्या बाहेर पडली की. डिझेलच्या धुरात ह्याला मोगरा कुठनं आला?"

"प्रेमात पडलाय त्यो."

"अजून पडला न्हाय. दुसराच फर्मा हाय. आत्ता कुठं बघितलंय तिला."

गुरुजी रागावले, पण गजरा पाचव्या फर्म्यात नेला. तिथं ती दोघं एका बाकावर बसून दवाखान्यात नंबरची वाट बघत होती. तिथं तो गजरा असा काही दरवळला की विचारू नका.

त्या दिवशी मला कळलं ते साधं होतं. डोळ्याला अंतर लागत नाही. रंकाळ्याच्या ह्या काठावरनं त्या काठावरची बाई दिसते. आवाज ऐकू यायला निदान एका घरात, एका गल्लीत असावं लागतं. वास यायला हातभर अंतरावर यावं लागतं. म्हणजे 'दोघं जवळ आली' असं लिहायची गरजच नाही. त्याच्या खिशातल्या सुपारीचा वास तिला आला एवढं लिहिलं, की वाचणारी बाई अंतर आपोआप मोजते आणि तिचे कान तापतात. मग मी प्रत्येक हेमांगीला सांगायला लागलो: दुसऱ्या फर्म्यापर्यंत डोळे, मग पलीकडच्या खोलीतल्या बांगड्या, खोकला, शिट्टी, पाचव्या-सहाव्यात वास, आणि स्पर्श सातव्यात. स्पर्श म्हणजे कप देताना बोटाला बोट लागणं, एवढंच. सातव्याच्या आधी लागला तर मालक काढायला लावायचे आणि सातव्यातही नाही लागला तर वाचणाऱ्या बायका वैतागायच्या.

वैतागल्याचं कळायचं ते मालतीबाईंच्या कार्डावरनं. जयसिंगपुरात या बाईंचं घरच्या पुढच्या खोलीत वाचनालय होतं. त्यांना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांचं अक्षर मी लांबनंही ओळखायचो. दर महिन्याला त्यांचं पोस्टकार्ड यायचं आणि त्यात पान क्रमांकासकट आमची चूक असायची. आसपासची दहा-पंधरा वाचनालयं त्यांना विचारून पुस्तकं ठेवायची, त्यामुळे त्यांनी परत पाठवलेलं पुस्तक सगळीकडूनच परत यायचं. एका कादंबरीतला नायक बिडी ओढायचा. मालतीबाईंनी लिहिलं, "पान सत्तावीसवर नायकाच्या तोंडाला बिडीचा वास येतो. आमच्या बायकांच्या घरात तो वास आहेच. त्यासाठी पुस्तक कशाला आणतील?" महिन्याभरात त्या कादंबरीचे गठ्ठे परत आले आणि माझ्या टेबलाखाली राहिले. वर्षभर मी त्यावर पाय ठेवून बसलो. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला: नायकाला वाईट वास येता कामा नये.

अशात एका शनिवारी दुपारी शैला कांबळे आल्या. बिद्रीच्या बाजूच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर एस.टी.नं थेट आलेल्या. पिशवीतनं चार शाळेच्या वह्या काढून मालकांच्या टेबलावर ठेवल्या. अक्षर फळ्यावर लिहितात तसं, गोल आणि मोकळं.

मालकांनी वह्या चाळल्या, मला दिल्या. मी आठवडाभरात वाचल्या आणि म्हटलं, घ्या. पुढच्या शनिवारी मालक त्यांना म्हणाले, "छापतो. पुस्तकावर हेमांगी घालायचं."

"माझं नाव न्हाय घालायचं?"

"आमच्यात कुणाचंच घालत न्हाय बाई."

शैलाबाई पुढं सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "साहेब, माझे वडील साखर कारखान्यात पॅनवर होते. घर बांधल्यावर त्यांनी पहिलं कपाट केलं ते पुस्तकांचं. भांड्यांचं नंतर. त्या कपाटात माझं एक ठेवायचं आहे. दुसरीच्या नावाचं ठेवून काय करू?"

मालक माणूस वाईट नव्हता. कांबळे या नावाचं त्यांना वावडं होतं असंही मी म्हणणार नाही, ते कदमांचंही छापत नव्हते. पण शैलाबाईंच्या मनात तो विचार येऊन गेला असणार, आणि तो येणं चूक नव्हतं. शेवटी मालक म्हणाले, "हे एक हेमांगीच्या नावावर जाऊ दे. वाचनालयांनी ठेवून घेतलं, परत आलं न्हाय, तर पुढच्यावर तुमचं नाव. शब्द दिला." शैलाबाई हो म्हणाल्या आणि दुसरी कादंबरी लिहायला लागल्या.

त्यांच्या कादंबरीतली नायिका कारखान्याजवळच्या खेड्यात नवीन आलेली मास्तरीण, नायक कारखान्यात उसाचा रस आटवायच्या मोठ्या भांड्यांवर काम करणारा. त्या भांड्यांना तिथं पॅन म्हणतात. पान तेरावर त्यांची भेट होते. तो पाळी संपवून आलेला, अंगाला मळीचा वास. ज्यांनी कारखान्याजवळ दिवस काढलेत त्यांना मळीचा वास सांगायला नको. गोड, आंबूस, जड, कपड्यात शिरला की निघत नाही. मास्तरीण बोलता बोलता नाकाला रुमाल लावते. तो बघतो आणि दोन पावलं मागं सरतो.

मी प्रूफ वाचताना तिथं थांबलो. मला ते टेबलाखालचे गठ्ठे दिसले. मालतीबाईंचं कार्ड दिसलं. म्हटलं, ह्या मळीपायी बाईचं नाव जायचं. मी लाल पेन घेतलं, चार ओळी काढल्या आणि लिहिलं, 'त्याच्या अंगाला चंदनी साबणाचा मंद सुगंध येत होता.' मागं सरायचं कारणच उरलं नव्हतं, म्हणून त्याची ती दोन पावलं पुढं टाकली. लेखकांना प्रूफ दाखवायची पद्धत आमच्याकडे नव्हती. फर्मा छापून झाला. मला तर आपण बाईंवर उपकार केले असंच वाटत होतं.

इथं मुद्रितशोधकाचा एक रोग सांगितला पाहिजे. आम्ही कादंबरी सलग वाचत नाही. वही वाचली होती ती महिन्यापूर्वी, घाईत. पुढं आज हिचा पहिला फर्मा, उद्या दुसरीचा सातवा, परवा गुरुजींचा तिसरा, असं चार कादंबऱ्यांतनं उड्या मारत वाचायचं. पहिल्या फर्म्यात आपण काय केलं हे चौथा हातात येईपर्यंत विसरलेलं असतं. शैलाबाईंच्या चौथ्या फर्म्यात नायक शाळेची मोडकी घंटा दुरुस्त करायला येतो, मुलं नाकं दाबून हसतात आणि मास्तरीण सगळ्या वर्गाला उठाबशा काढायला लावते. मला गंमत वाटली, मी पुढं गेलो. सहाव्यात, पान ब्याण्णववर, हंगाम संपतो. कारखाना बंद, धुराडं गार. तो तीन महिन्यांसाठी गावाकडे गेलेला. मास्तरीण संध्याकाळी दारात उभी राहते. वारा कारखान्याकडनंच येत असतो, पण नुसता. ती दोनदा श्वास ओढून बघते आणि मग आत जाऊन दिवा लावते. बस. डोळे नाहीत, चंद्र नाही. मी ते पान दोनदा वाचलं. सुंदर, असं मी समासात लिहिलंसुद्धा. चंदनी साबण मात्र आठवला नाही.

सगळे फर्मे छापून झाले आणि बाइंडिंगला गेले. हौसाक्का आणि तिच्या तीन बाया घड्या घालत होत्या. हौसाक्का निपाणीकडची, चाळीस वर्षं पुस्तकं शिवलेली, वाचता एकही येत नव्हतं. शनिवारी दुपारी शैलाबाई आल्या. आपलं छापलेलं बघायचं म्हणून हौसाक्काशेजारी बसल्या आणि पहिला फर्मा उचलला. मी उंबऱ्यावरनं बघत होतो. कौतुकाची वाट बघत होतो म्हणा ना.

त्या पान तेरावर थांबल्या. परत वाचलं. मग फर्मा हातात धरून माझ्याकडे आल्या.

"सर, ह्याला आंघोळ कुणी घातली?"

मला समजलंच नाही.

"माझ्या माणसाला तुम्ही पहिल्याच फर्म्यात आंघोळ घातली की. मग चौथ्यात पोरं नाक का दाबतात? ती पोरांना उठाबशा का काढायला लावते? आणि सहाव्यात ती दारात उभी राहून काय शोधते? चंदनी साबण? तो तर दुकानात मिळतो."

आवाज चढला नव्हता. चौथीच्या मुलाला गणित कुठं चुकलं ते दाखवावं तसं त्या एकेक पान दाखवत होत्या. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अंतराचं गणित मला येत होतं. पण वास तोच ठेवायचा आणि ज्या बाईनं नाकाला रुमाल लावला तिलाच तो हवासा करून सोडायचा, हे मला सहाशे कादंबऱ्यांत कुणी दाखवलं नव्हतं. त्यानं काही बदलायचं नाही. तिचं नाक बदलत जातं, आणि ओढ लागली हे तिच्या आधी वाचणारीला कळतं. मी नेमकी त्यातली पहिली पायरी काढून ठेवली होती.

"मालतीबाई परत पाठवतील म्हणून..." मी पुटपुटलो.

"परत आलं तर माझं आलं असतं," शैलाबाई म्हणाल्या. "आता खपलं तर तुमचं खपणार, आणि परत आलं तर माझं येणार."

तो फर्मा घेऊन मी मालकांसमोर जाऊन चूक कबूल केली. पार्सलं सोमवारी सकाळी एस.टी.त चढायलाच हवी होती. मालक चिडले, मग म्हणाले, "पान बदला. सोमवार चुकला तर मला तोंड दाखवू नका."

पान बदलणं म्हणजे काय, तर चुकीचं पान बोटभर पट्टी ठेवून कापायचं आणि त्या पट्टीला नवीन पान खळीनं चिकटवायचं. हजार प्रती होत्या. जुळाऱ्यानं घरी निघता निघता पान तेरा आणि चौदा परत जुळवून दिलं, संध्याकाळपर्यंत छापून झालं. रविवारी सकाळी छापखान्यात आम्ही चौघं: हौसाक्का, शैलाबाई, मी आणि सुमन. सुमनला मीच आणलं होतं. रविवारी कुठं चाललात म्हणून तिनं विचारलं, मी खरं सांगितलं, तर ती पदर खोचून माझ्या आधी बाहेर पडली.

एप्रिलचा महिना. खळ शुक्रवारची. मैद्याची खळ, किडा लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, पण उन्हाळ्यात ती दोन दिवसांत आंबते. हौसाक्कानं डबा उघडून नाक मुरडलं.

"आंबलीया ही. नवी शिजवाय पायजे."

"हजार पानं हायत, अक्का. येळ न्हाय. चालू द्या."

"तुमी म्हंतासा म्हणून चालवते. मागनं मला बोलायचं न्हाय."

मी कापत होतो, सुमन खळ लावत होती, शैलाबाई पान बसवत होत्या, हौसाक्का दाबून पुढं सरकवत होती. शंभरेक झाल्यावर हौसाक्का म्हणाली, "एवढं हजार डाव चिकटवायलोय ते हाय तरी काय? वाचा की जरा." शैलाबाईंनी पान तेरा वाचून दाखवलं. रुमाल, मागं सरलेली दोन पावलं. हौसाक्काला पुढचं ऐकायचं होतं, म्हणून उठाबशा सांगितल्या, मग दारात उभी राहिलेली मास्तरीण सांगितली. हौसाक्का हसली आणि तंबाखूची डबी शोधायला लागली.

सुमनचा ब्रश थांबला होता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीबी पदर लावलता नाकाला. पयल्या दिवशी. तुमास्नी दिसला न्हाय."

"कुठं?"

"मांडवातच की. आदल्या दिसापातूर छापखान्यात हुतासा न्हवं? हळदीनंबी गेला न्हवता रॉकेलचा वास." आणि ती परत खळ लावायला लागली. शैलाबाई खाली मान घालून हसत होत्या. मी पुढचं पान तिरकं कापलं.

सोमवारी पार्सलं गेली. आठ दिवसांत मालकांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं. दोन वाचनालयांनी कळवलं होतं की पुस्तकाला घाण वास येतो. आंबलेली खळ, बंद पार्सल, एप्रिलचं ऊन. पुस्तक उघडलं की पान तेराच्या मुळातनं भपकारा यायचा. ज्या पानावर नायकाला वास येत होता, त्याच पानाला. मालक म्हणाले, "जयसिंगपूरचं कार्ड येऊ दे. बाईनं परत पाठवलं तर सगळं परत. मग मी शब्दाला बांधील न्हाय."

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पोस्टमन बोळाच्या तोंडाशी आला की मी उठून उभा राहायचो. आधी नायकाला आंघोळ घातली आणि मग त्याची भरपाई म्हणून पुस्तकच नासवलं, असं माझं मला वाटत होतं. त्या शनिवारी शैलाबाई आल्या नाहीत. तोंड कसं दाखवायचं याची काळजी मिटली म्हणून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटली.

कार्ड बुधवारी आलं. ते मी इतक्यांदा वाचलंय की पाठ आहे.

"स. न. पान तेराला आंबूस वास येतो. परत करायला पार्सल बांधलं होतं. शेजारच्या वहिनी आल्या, त्यांनी सोडून वाचायला नेलं. त्यांच्याकडून आणखी पाच जणींकडे गेलं. परत आल्यावर मी वाचलं. पान ब्याण्णव झाल्यावर मागे येऊन पान तेरा उघडलं आणि नाकाशी धरलं. एव्हाना वास गेला होता. चुकल्यासारखं वाटलं. पुस्तक ठेवून घेत आहे, आणखी दोन प्रती पाठवा. हे हेमांगीनं लिहिलेलं नाही. कुणी लिहिलं ते कळवा."

मालकांनी कार्ड दोनदा वाचलं, उलटं करून पत्ता बघितला आणि चष्म्यावरनं माझ्याकडे बघितलं.

"वास काय मुद्दाम घातलातासा?"

मी हो म्हटलं. आयुष्यात धंद्यासाठी मी जे काही खोटं बोललो त्यात हे सगळ्यात निर्लज्ज. हौसाक्का मागच्या खोलीतनं ऐकत होती. तिनं मला पुढं बरेच दिवस चहा पाजायला लावला.

मालकांनी शब्द पाळला. मालतीबाईंना उत्तर मीच लिहिलं आणि त्यात शैला कांबळे हे नाव सुवाच्य अक्षरात घातलं. पहिल्या पुस्तकावर मात्र हेमांगीच राहिली, ते मला अजून खुपतं. पान बदलता येत होतं तर वेष्टनही बदलता आलं असतं. त्या रविवारी ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसरी कादंबरी पुढच्या वर्षी निघाली. तोवर मालकांनी खिळे भंगारात काढून दोन कॉम्प्युटर आणले होते. रॉकेलचे डबे गेले, छपाई बाहेर उद्यमनगरात व्हायला लागली आणि मी गार खोलीत पडद्याशेजारी बसून प्रूफं तपासायला लागलो. त्या पुस्तकाचं प्रूफ शैलाबाईंनी स्वतः बघितलं. आमच्याकडे लेखकाला प्रूफ दाखवायची पद्धत तिथनं सुरू झाली. पहिल्या प्रती आल्या त्या दिवशी त्या वडिलांना घेऊन आल्या. म्हाताऱ्यांनी पुस्तक हातात घेतलं, वेष्टनावरच्या नावावरनं अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "साहेब, ह्यात कुणाला आंघोळ घातली न्हाय न्हवं?" लेकीनं घरी सगळं सांगितलेलं होतं. मग त्यांनी पिशवीतनं पहिलं पुस्तक काढलं, दोन्ही एकावर एक ठेवली आणि म्हणाले, "दोन्ही एकाच कप्प्यात बसतील."

एक प्रत मी घरी आणली. सुमनला त्यातलं नाव दाखवायचं होतं. ती आत भाकऱ्या थापत होती, पाठ माझ्याकडे. अंगणातल्या दोरीवर सदरा टाकायची सवय, पण आता टाकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तसाच आत गेलो आणि मागं उभा राहिलो. तिला पत्ताच नाही. दुसरी भाकरी तव्यावर टाकून वळली आणि दचकली.

"अवो, कवा आलासा?"

"झाली की दोन मिनिटं."

"काय कळलंच न्हाय." तिनं पीठ लागलेला हात तसाच धरून माझ्या सदऱ्याशी नाक आणलं आणि मागं घेतलं. "आदी बोळातनंच वास यायचा तुमचा. मी तवा ठेवायची. आता भाकरी गार हुतीया, न्हायतर करपतीया." आणि वळून तव्याकडे गेली.

मी पुस्तक फळीवर ठेवलं आणि पाटावर बसलो. सहाशे नायिकांची प्रूफं तपासली होती, आणि वीस वर्षं एक बाई माझ्या वासावर तवा तापत ठेवत होती हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशीची भाकरी एका बाजूनं करपलेली होती आणि कालवणात मीठ कमी होतं. मी तोंड वाकडं केलं नाही. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.